कमिटीत बिल मतदानाला कधी घ्यायचं हे नक्की कोण ठरवतं? कॅलिफोर्नियातल्या लोकांनी सांगा प्लीज

सॅनहोजेची_आई

नमस्कार मंडळी, जरा लांबलंय पण वाचा. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, जन्मापासून दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, दोन्हीकडे मशीन आहे. मशीनचा खर्च आमच्या प्लॅनमध्ये बसत नाही, हजारो डॉलर खिशातून गेलेत आणि मूल वाढतं तसे कानातले मोल्ड परत परत करून घ्यावे लागतात ते वेगळंच. तर लहान मुलांच्या मशीनचा खर्च इन्शुरन्सने द्यावा अशा अर्थाचं एक बिल राज्याच्या विधिमंडळात आलंय असं आमच्या पालकांच्या ग्रुपवर कळलं. मंगळवारी कमिटीत सुनावणी आणि मतदान असं तारखेसकट लिहिलेलं होतं. मी रजा टाकली, मुलाला शाळेतून काढलं, पहाटे निघालो, अडीच तास गाडी चालवून सॅक्रामेंटोला पोचलो, आणि तिथे दाराशी कळलं की बिल आज घेणारच नाहीयेत! विचारलं तर "पुल केलंय" म्हणजे काढून घेतलंय, एवढंच उत्तर. कोणी केलं, का केलं, परत कधी घेणार, काही नाही. मुलगा रस्ताभर काय बोलायचं ते पाठ करत होता, त्याला काय सांगू.

मला राजकारण नकोय, फक्त पद्धत समजून घ्यायचीय. तारीख कोण ठरवतं? अशी आयत्या वेळी बदलता येते का? आणि आता हे बिल मेलं का जिवंत आहे?

फ्रीमाँटचा_निलेश

ताई वाईट वाटलं वाचून. मेलं नाहीये बहुतेक. राज्याच्या बिलांच्या सरकारी साइटवर जाऊन बिलाचा नंबर टाका आणि हिस्टरीमध्ये शेवटची ओळ काय आहे ती इथे टाका, त्यावरून बरंच कळतं.

सॅनहोजेची_आई

बघितलं. "सेट, फर्स्ट हिअरिंग. हिअरिंग कॅन्सल्ड ॲट द रिक्वेस्ट ऑफ ऑथर" असं आहे. म्हणजे ज्यांनी बिल आणलं त्यांनीच रद्द केलं?? मला तर काहीच कळेनासं झालंय.

सॅक्रामेंटो_काका

मी बरीच वर्षं इथे आहे आणि एका सेवाभावी संस्थेच्या कामासाठी कमिट्यांच्या सुनावण्यांना जात आलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

बिल मांडलं की ते आधी रूल्स कमिटीकडे जातं, तिथे ठरतं की ते कुठल्या विषयाच्या कमिटीकडे पाठवायचं, आरोग्य, शिक्षण, न्याय वगैरे. ही पहिली चाळणी आहे आणि लोकांचं तिकडे लक्षच नसतं. २०१७ मध्ये सगळ्यांना सरकारी आरोग्य विमा देणारं एसबी (सेनेट बिल) ५६२ सेनेटने म्हणजे वरच्या सभागृहाने पास केलं होतं, ते असेंब्लीत म्हणजे खालच्या सभागृहात आल्यावर तेव्हाचे स्पीकर अँथनी रेंडन यांनी रूल्स कमिटीतच ठेवून दिलं, पुढच्या कमिटीकडे पाठवलंच नाही. मतदान नाही, चर्चा नाही, बिल तिथेच संपलं.

एकदा विषयाच्या कमिटीकडे आलं की तारीख चेअरच्या म्हणजे कमिटीच्या अध्यक्षाच्या हातात. बिल छापून ३० दिवस झाल्याशिवाय साधारणपणे सुनावणी घेता येत नाही, हे राज्यघटनेतच आहे, आणि पहिल्या कमिटीसाठी डेली फाइलमध्ये चार दिवस आधी नोटीस छापावी लागते. डेली फाइल म्हणजे विधिमंडळाची रोजची कामकाज पत्रिका. चेअरचं ऑफिस आणि बिल आणणाऱ्या आमदाराचं ऑफिस बोलून तारीख लावतात. त्या एका सुनावणीत वीस-पंचवीस बिलं असू शकतात.

आता "ऑथरच्या विनंतीवरून रद्द" याचा अर्थ. ताई, याचा अर्थ ऑथरने पाठ फिरवली असा लगेच घेऊ नका. कमिटीत बिल पास व्हायला एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, हजर असलेल्यांच्या नव्हे. जो आला नाही किंवा गप्प बसला त्याचं मत नसल्यामुळे बिल पडू शकतं. त्यामुळे ऑथरने आदल्या दिवशी मतं मोजली आणि दोन कमी पडतायत असं दिसलं तर तो मतदानच होऊ देत नाही, बिल काढून घेतो आणि वेळ मिळवतो. कधी कमिटीचा स्टाफ म्हणतो अमुक कलम बदला मग चेअरचा पाठिंबा मिळेल, ते लिहून व्हायला आठवडा लागतो. कधी चेअरच खाजगीत सांगतो की आज नको, आणि नोंद मात्र ऑथरच्या नावाने होते. "पोस्टपोन्ड बाय कमिटी" अशी नोंद असती तर गोष्ट वेगळी होती, कारण एक बिल सुनावणीला तीनदाच लावता येतं आणि ऑथरने रद्द केलं की त्यातलं एक गेलं, कमिटीने पुढे ढकललं तर ते मोजत नाहीत. तुमच्या बिलाला अजून दोन संधी आहेत.

मला सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो सांगतो. हरलेल्या बिलाची नोंद राहते, कोणी बाजूने मत दिलं, कोणी विरोधात, कोण गप्प राहिलं हे तुम्ही आपल्या आमदाराला जाऊन विचारू शकता. तारीखच न लागलेल्या बिलाची अशी कुठलीच नोंद नसते. तुमच्यासारखी आई विचारणार कोणाला? म्हणून मी सगळ्यांना सांगतो की मतदानाच्या दिवशी जाण्याइतकंच, खरं तर जास्तच, तारीख लागण्याच्या आधी चेअरच्या ऑफिसला कळवणं महत्त्वाचं आहे.

फ्रीमाँटचा_निलेश

काका छान लिहिलंत. सस्पेन्स फाइलबद्दल पण सांगा ना, मला वाटतं ताईंच्या बिलाला पैसे लागणार म्हणजे तिकडे जाणारच.

सॅक्रामेंटो_काका

हो, जाईल बहुतेक. विषयाच्या कमिटीतून पास झालं की अप्रोप्रिएशन्स म्हणजे खर्चाची कमिटी. राज्याला साधारण दीड लाख डॉलरच्या वर खर्च येणार असेल तर बिल सरळ मतदानाला न घेता सस्पेन्स फाइलमध्ये टाकतात. मग वर्षातून दोनदा, मे आणि ऑगस्टमध्ये, एकाच दिवशी शेकडो बिलांचा निकाल. चेअर नंबर वाचत जातो, हे पास, हे बदल करून पास, हे "हेल्ड अंडर सबमिशन" म्हणजे थांबवलं. त्या दिवशी कोणाला बोलू देत नाहीत आणि कारणही सांगत नाहीत. निर्णय आधी बंद दाराआड झालेले असतात. मी एकदा तिथे बसलो होतो, माझ्या शेजारच्या बाई वर्षभर ज्या बिलासाठी खपल्या होत्या त्याचा नंबर दोन सेकंदांत वाचून झाला आणि त्या मला विचारत राहिल्या, काय म्हणाले, काय म्हणाले.

मे २०१९ मध्ये स्कॉट वीनर यांचं घरबांधणीचं एसबी ५० असंच तेव्हाचे चेअर अँथनी पोर्टँटिनो यांनी थांबवून पुढच्या वर्षावर टाकलं होतं. याला टू-इयर बिल म्हणतात, कारण अधिवेशन दोन वर्षांचं असतं, पण पहिल्या वर्षीचं बिल दुसऱ्या वर्षीच्या ३१ जानेवारीपर्यंत आपल्या सभागृहातून बाहेर पडलं नाही तर संपलं. जानेवारी २०२० मध्ये सेनेटच्या प्रमुख टोनी ॲटकिन्स यांनी रूल्स कमिटीमार्फत ते खर्चाच्या कमिटीतून काढून थेट सभागृहात आणलं. म्हणजे वरून मनात आणलं तर थांबलेलं बिल हलतं. तिथे मात्र २१ मतं लागत होती आणि ती मिळाली नाहीत, ४० जणांचं सभागृह आहे ते.

डेन्व्हरची_मंजू

इथे कोलोरॅडोत हे असं चालत नाही म्हणून लिहिते. १९८८ मध्ये इथल्या मतदारांनी घटनादुरुस्ती करून घेतली, तिला गॅव्हल म्हणतात, त्यामुळे कमिटीकडे आलेल्या प्रत्येक बिलाची सुनावणी आणि मतदान घ्यावंच लागतं, चेअरला खिशात घालून बसता येत नाही. बिलं पडतात, भरपूर पडतात, पण समोर पडतात. न्यू हॅम्पशायरमध्ये पण प्रत्येक बिलाला सुनावणी मिळते, आणि तिथलं खालचं सभागृह ४०० लोकांचं आहे! एवढी माणसं असून त्यांना जमतं तर ८० जणांच्या असेंब्लीला वेळ नाही हे कारण मला पटत नाही. माझं स्पष्ट मत आहे की तारीख न देणं हा पण नकारच आहे आणि तो नाव लावून द्यायला पाहिजे.

फ्रीमाँटचा_निलेश

मंजूताई मुद्दा बरोबर, पण दोन वर्षांच्या एका अधिवेशनात इथे हजारो बिलं मांडली जातात, सगळी मतदानाला घेतली तर प्रत्येकाला दोन मिनिटं मिळणार. मला वाटतं थांबवायचा अधिकार ठेवावा पण दोन ओळींत कारण लिहून द्यायची सक्ती असावी.

पर्वतीकर_७१

पुण्याहून लिहितोय, आपल्याकडचं पण थोडं सांगतो, लोकांना वाटतं सगळीकडे सारखंच असतं. महाराष्ट्रात प्रत्येक विधेयक कमिटीकडे जात नाही. अधिवेशनात कुठल्या कामाला किती वेळ द्यायचा हे कामकाज सल्लागार समिती ठरवते, तिचे अध्यक्ष म्हणजे सभागृहाचे अध्यक्षच. त्यानंतर विधेयक थेट सभागृहात, कधीकधी मांडल्यापासून दोन-चार दिवसांत मंजूर. वादाचं असेल तरच दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवतात. शक्ती विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडलं, समितीकडे गेलं, वर्षभराने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालं, आणि राष्ट्रपतींची मंजुरी काही मिळाली नाही. जनसुरक्षा विधेयक पण समितीकडे गेलं, लोकांकडून बारा हजारांहून जास्त सूचना आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर. आवाजी म्हणजे कोण कुठल्या बाजूला होतं याची नावानिशी नोंदच नाही. तुमच्याकडे निदान कमिटीतसुद्धा एकेकाचं नाव घेऊन मत विचारतात, आणि सामान्य माणूस जाऊन माइकवर बोलू शकतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

सॅनहोजेची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. आज धीर करून ऑथरच्या ऑफिसला फोन केला, तिथली मुलगी खूप छान बोलली, म्हणाली काही बदल चालू आहेत आणि दोन आठवड्यांनी परत लावायचा प्रयत्न आहे. आता मला सांगा मी काय करू, आणि मुलाला नेऊ का? त्याला बोलू देतात का?

सॅक्रामेंटो_काका

खुशाल न्या. पत्र आधी पाठवा, विधिमंडळाच्या पोर्टलवर, सुनावणीच्या साधारण आठवडाभर आधी, म्हणजे कमिटीचा स्टाफ जे विश्लेषण लिहितो त्यात तुमचं नाव पाठिंब्यात येतं आणि सदस्य वाचतात ते तेच. पत्र एक पानी पुरे, पहिल्याच ओळीत बिलाचा नंबर आणि पाठिंबा, मग मुलाची गोष्ट आणि किती डॉलर खर्च झाला तो खरा आकडा. एक प्रत आपल्या स्वतःच्या आमदाराला. २०२३ मध्ये याच विषयावरचं एसबी ६३५ दोन्ही सभागृहांतून पास झालं होतं, गव्हर्नरने व्हेटो केला. म्हणजे आमदार याला अगदीच विरोधात नाहीत हे लक्षात ठेवा आणि पत्रात त्याचा उल्लेख करा.

सुनावणीला प्रत्येक बाजूचे मुख्य साक्षीदार दोन, प्रत्येकी साधारण दोन मिनिटं, पाठिंब्याचे साक्षीदार ऑथर निवडतो. बाकीच्यांनी रांगेत येऊन नाव, गाव आणि पाठिंबा का विरोध एवढंच म्हणायचं. २०२३ मध्ये जातिभेदाच्या एसबी ४०३ ला आपली भारतीय मंडळी दोन्ही बाजूंनी तशीच रांगेत उभी होती. मुलगा आपलं नाव आणि "आय सपोर्ट" एवढं म्हणू शकतो, चेअर लहान मुलांना सहसा अडवत नाहीत. त्याची दोन मिनिटांची गोष्ट सांगायची असेल तर ऑथरच्या ऑफिसला आत्ताच विचारा, मुख्य साक्षीदार म्हणून घेताय का.

निघायच्या आदल्या रात्री आणि पहाटे परत एकदा डेली फाइल बघा आणि ऑफिसला फोन करा. फाइलमधला क्रम पाळतातच असं नाही, बऱ्याच कमिट्या आमदार ज्या क्रमाने येतात तसं घेतात आणि कमिटीच्या सदस्यांची स्वतःची बिलं शेवटी. मतं कमी पडली तर घाबरू नका, रोल उघडा ठेवतात, गैरहजर सदस्य नंतर येऊन मत देतात आणि निकाल कधी संध्याकाळी कळतो. सुनावण्या आता १०२१ ओ स्ट्रीटच्या इमारतीत पण असतात, कुठली खोली ते नीट बघून घ्या. आणि मुलाच्या मशीनच्या जास्तीच्या बॅटऱ्या आठवणीने ठेवा, चार-पाच तास बसायला लागू शकतं आणि त्याचा नंबर येईल तेव्हा त्याला ऐकू यायला हवं.