क्लार्क एस-६ वर, ग्रामसेवक एस-८ वर: ही श्रेणी मोजली कुणी?

टिपणीकार

आठव्या वेतन आयोगाची हवा सुटली आहे. केंद्राचा आयोग न्या. रंजना देसाईंच्या अध्यक्षतेखाली बसला आहे, राज्य आज ना उद्या मागोमाग जाईलच. मग आपल्या संघटना निवेदनांच्या झेरॉक्स काढायला पळतील आणि त्या निवेदनांत नेहमीचंच असेल. म्हणून आधीच विषय काढतो.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत कनिष्ठ सहाय्यक, म्हणजे क्लार्क. शिक्षण विभागाचं टेबल. वेतनस्तर एस-६, म्हणजे सुरुवात १९,९०० वर. ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) एस-८, सुरुवात २५,५०० वर. तलाठीही (आता ग्राम महसूल अधिकारी) तिथंच. आणि ज्यांची पगारबिलं मी करतो ते प्राथमिक शिक्षक एस-१०, म्हणजे २९,२००. नुसत्या मूळ वेतनात ग्रामसेवकाचा आणि माझा ५,६०० चा फरक. महागाई भत्ता, घरभाडं सगळं मूळ वेतनाच्या टक्क्यात, त्यामुळे हातात येताना तो आणखी फुगतो.

काम काय, तर शालार्थवर, म्हणजे शिक्षकांच्या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीवर, बिल लावायचं. त्यात सोसायटीचा हप्ता, कुणाची बदली, कुणाची बिनपगारी रजा, जुलैची वेतनवाढ. एखाद्या गुरुजींची रजा सेवापुस्तकात चढवायची राहिली, तर निवृत्तीच्या वेळी पडताळणीत जादा पगाराची वसुली निघते. पेन्शन अडकते आणि गुरुजी माझ्या टेबलासमोर येऊन बसतात. ती नोंद माझ्या आधीच्या आधीच्या क्लार्कनं चुकवलेली असली तरी खुलासा मला मागतात. टिपणीवर पहिली सही माझी.

मुद्दा असा की हे काम एस-६ चं आहे हे ठरवताना कुणी येऊन टेबल पाहिलं नाही. पाचव्या आयोगात ३०५०-४५९० ची वेतनश्रेणी होती, सहाव्यात तिचा १९०० ग्रेड पे (श्रेणीनुसार मूळ वेतनात मिळवायची रक्कम) झाला, सातव्यात २.५७ नं गुणलं आणि एस-६ हाती ठेवला. आपले जिल्हा सेवा प्रवेश नियम १९६७ चे. तेव्हाचा क्लार्क आवक-जावक लिहायचा आणि टंकलेखन करायचा. पुढं कामाचं स्वरूप पार पालटलं, गुणाकार मात्र त्याच आकड्याचा चालू आहे.

मला वाटतं, यंदा निवेदनात स्पष्ट लिहावं: जबाबदारी पाहता कनिष्ठ सहाय्यकाचं पद ग्रामसेवकाच्या पदापेक्षा हलकं नाही, म्हणून सुरुवात एस-८ वर हवी. तुम्हाला काय वाटतं?

पाटण खोरे

मी ग्रामसेवक. राग नाही, पण शेवटच्या ओळीवर बोलणं भाग आहे.

तुमच्या टिपणीवर पहिली सही तुमची, मान्य. त्यानंतर किती सह्या होतात तेही लिहा की. वरिष्ठ सहाय्यक, सहायक प्रशासन अधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि लागलं तर बीडीओ साहेब. चूक झाली तर ती चार टेबलांवर वाटली जाते. ग्रामपंचायतीचा पैसा निघतो तो दोघांच्या डीएससीवर (डिजिटल सहीवर), सरपंच आणि मी. सरपंच पाच वर्षांनी बदलतो. लेखापरीक्षणाचा आक्षेप सहा-सात वर्षांनी येतो, तेव्हा माजी सरपंच म्हणतात "भाऊसाहेबांनी सांगितलं तिथं मी सही केली". वसूलपात्र रक्कम निघाली की कात्री माझ्या पगाराला.

तुम्ही पाचला कुलूप लावता. माझ्याकडे दोन गावं, आणि वाड्या धरल्या तर मोजायलाच नकोत. २०२१ च्या जुलैत आंबेघर-मिरगावला डोंगर खाली आला त्या आठवड्यात आमच्या भागात कुणी हजेरीपत्रक पाहिलं नाही. एरवीसुद्धा घरपट्टीची वसुली, नमुना ८ (कर आकारणीची नोंदवही), जन्ममृत्यूची नोंद, घरकुलाचे फोटो, वित्त आयोगाच्या निधीचा आराखडा, नळाला पाणी नाही म्हणून रात्री साडेदहाचा फोन. ग्रामसभेत माईक हातात घेऊन एकदा उभं राहून बघा. समोर दोन पार्ट्या आणि मध्ये तुमचं प्रोसिडिंग बुक.

एस-८ मागा, जरूर मागा. आमच्या खांद्यावर पाय ठेवून मागू नका.

लेखाशीर्ष

निवृत्त आहे, आयुष्य लेखा विभागात गेलं. दोघांनाही थोडं टोचेल.

वेतन समिती कुणाच्या घामाचं माप काढत नाही. ती पाहते की पदाला पात्रता काय, भरती कुठल्या मार्गानं, तसंच पद इतर खात्यांत कुठल्या श्रेणीत आणि आधीच्या आयोगात कुणाशी बरोबरी होती. तलाठ्याला पदवी लागते. ग्रामसेवकाला बारावी ६० टक्के किंवा समकक्ष. कनिष्ठ सहाय्यकाला दहावी आणि टायपिंग. प्रत्यक्षात एम.कॉम. झालेली पोरं क्लार्क म्हणून लागतात हे मलाही दिसतं, पण पगार पदाच्या पात्रतेवर असतो, पोराच्या शिक्षणावर नसतो.

दुसरं, क्लार्क हे एकट्या जिल्हा परिषदेचं पद नाही. कलेक्टर कचेरीतला महसूल सहायक एस-६ वरच आहे, केंद्रातला एलडीसी, म्हणजे कनिष्ठ लिपिकसुद्धा १९,९०० वरच लागतो. तुम्हाला एस-८ दिला की दुसऱ्या दिवशी राज्यातल्या प्रत्येक कचेरीतला लिपिक दारात उभा. वित्त विभाग तुमच्या एकट्याचा हिशोब करत नाही, त्या सगळ्या रांगेचा करतो.

आणि दहा वर्षांनी आश्वासित प्रगतीचा पहिला लाभ मिळतोच ना? पदोन्नती नसली तरी १०, २०, ३० वर्षांनी वरचा स्तर आहे. तेव्हा कायम एस-६ वर ठेवलं ही ओरड खरी नाही.

टिपणीकार

लेखाशीर्ष काका, महसूल सहायकाचं उदाहरण तुम्हीच काढलंत हे बरं झालं. तो एस-६ वर लागतो, पण पुढं अव्वल कारकून होतो आणि नायब तहसीलदार होऊन राजपत्रित होतो. मी पदोन्नतीनं वरिष्ठ सहाय्यक होतो आणि वरिष्ठ सहाय्यकाचा स्तर किती? एस-८. म्हणजे ग्रामसेवक ज्या पायरीवर पहिल्या दिवशी उभा राहतो तिथं मी पदोन्नती घेऊन पोचतो. दहा वर्षांचा लाभही त्याच पायरीचा. तोवर तो तिथून वर गेलेला असतो. ही बरोबरी कुठल्या आयोगानं कधी तपासली, सांगा.

भाऊसाहेब, पाचला कुलूप लावतो हे कुणी सांगितलं? मार्चएंडला येऊन पाहा. अधिवेशन सुरू असताना तारांकित प्रश्नाची माहिती "आजच, आत्ता" मागतात तेव्हाही या. आणि चार सह्यांचं म्हणाल तर वरचे तिघं पहिली सही बघून सही करतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

करदाता, कोरेगाव

तुमचं एस-६, एस-८ चालू द्या. आमच्या गावात ग्रामसेवक मंगळवारी आणि शुक्रवारी येतात असं बोर्डावर लिहिलंय. कुठल्या महिन्यातल्या ते लिहिलेलं नाही. पंचायत समितीत गेलं की संबंधित टेबल "मीटिंगला". पगार कामावर ठरवायचा म्हणता ना? ठरवा. पण काम झालं की नाही हे आम्हाला विचारा, एकमेकांना विचारू नका.

पाटण खोरे

करदाते साहेब, एका माणसाकडे दोन-तीन गावांचा चार्ज का, हे तुमच्या आमदारांना विचारा. रिक्त पदं आम्ही ठेवलेली नाहीत. बोर्डाचं बोललात ते मात्र काही ठिकाणी खरं आहे.

वारणाकाठ

सांगलीकर. कामाचं माप काढून श्रेणी ठरवा म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. ब्रिटनमध्ये हे करून झालंय. १९९७ मध्ये तिथल्या स्थानिक संस्थांनी आणि कामगार संघटनांनी करार केला की मजूर आणि ऑफिसवाले अशी वेगळी उतरंड मोडायची, सगळ्यांना एकाच तराजूत घालायचं. प्रत्येक पदाला गुण. ज्ञान किती लागतं, डोकं किती चालवावं लागतं, लोकांची आणि पैशाची जबाबदारी किती, अंगमेहनत किती, कामाची जागा कशी, अशा मुद्द्यांवर गुण आणि बेरजेवरून श्रेणी.

झालं काय? बर्मिंगहॅमला कचरा उचलणाऱ्यांना, म्हणजे बहुतेक पुरुषांना, बोनस मिळायचा. त्याच श्रेणीत मोजल्या गेलेल्या स्वयंपाकी, सफाई आणि शुश्रूषेचं काम करणाऱ्या बायकांना तो नव्हता. बायका कोर्टात गेल्या, २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात त्यांची सरशी झाली. समान वेतनाचे दावे पुढंही वाढतच गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये महापालिकेनं जाहीर केलं की अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद. त्यात नव्या संगणक प्रणालीचा घोळही होता, पण मोठा बोजा या दाव्यांचा. २०२५ मध्ये पुन्हा कचरा कामगारांचा संप झाला, कारण गाडीवरचं एक पदच रद्द केलं.

तेव्हा टिपणीकार, माप काढा म्हणणं सोपं आहे. माप काढल्यावर कुणाचं पद खालीही येऊ शकतं, त्याची तयारी आहे का?

टिपणीकार

आहे. तिथं बायका जिंकल्या त्या मापामुळेच ना? कागदावर "दोन्ही पदं एका श्रेणीची" असं लिहिलेलं होतं म्हणून कोर्टात उभं राहता आलं. आपल्याकडे तो कागदच नाही. सातव्या आयोगासाठी राज्यानं नेमलेल्या बक्षी समितीचा अहवाल दोन खंडांत आला, मग वेतनत्रुटींसाठी २०२४ मध्ये खुल्लर समिती नेमली, २०२५ मध्ये तिच्या शिफारशी मान्य झाल्या. एवढ्या सगळ्यात पदाची कामं समोर ठेवून कुणी गुण दिले? मी तरी वाचलेलं नाही.

लेखाशीर्ष

त्यात समित्यांइतकाच दोष संघटनांचा आहे. सुनावणीला जाताना सगळ्यांच्या हातात एकच तक्ता असतो: अमक्याला इतकं, आम्हाला तितकं, सबब त्रुटी. आमचं काम हे, त्यात ही जोखीम, ही मुदत, चुकलं तर हे नुकसान, असा कर्तव्यसूचीचा कागद घेऊन गेलेली संघटना मी माझ्या नोकरीत पाहिली नाही. टिपणीकार, तुमच्या निवेदनाचं शेवटचं वाक्यही त्याच तक्त्यातलं आहे.

उपकेंद्र

आरोग्य सेविका, एस-८. मला ग्रामसेवकाइतकं मिळतं म्हणून तक्रार नाही, पण रात्रीच्या बाळंतपणाला गुण किती धरणार ते आधी सांगा. आणि माझ्याबरोबर दारोदार फिरणाऱ्या आशाताई मोबदल्यावर, अंगणवाडी सेविका मानधनावर. त्यांना तराजूत घालणार की तराजू फक्त नेमणुकीची ऑर्डर असलेल्यांचा?

पाणी सोडणारा

सगळं वाचलं. आमच्या गावच्या पोरानं मोबाईलवर दावलं. मी ग्रामपंचायतीत पाणी सोडतो. तुमचं सहा आन् आठ चाललंय, आमच्या फुडं यसच न्हाई.

आमचा पगार किमान वेतनाचा. त्यातला सरकारचा वाटा वसुलीवर. गावानं पट्टी भरली न्हाई तर कापतात माझं, आन् पट्टी थकवणारा मीटिंगीत पयल्या रांगंत. मोटर जळली की पहाटं चारला विहिरीवर मीच. व्हॉल्व फिरवायला एक आळी पाच मिनिटं उशीर झाला की शिव्या मलाच, भाऊसाहेबास्नी न्हाईत. झेडपीत धा टक्के जागा आमच्यासाठी हायत म्हणत्यात. यादी निघंस्तवर वय निघून जातंय.

२०२३ च्या मार्चात जुन्या पेन्शनच्या संपात तुम्ही समदी एका मांडवात बसला हुता. मीबी आलो हुतो, सतरंजी टाकायला. तवा कुणी एस-६ न् एस-८ काढलं नव्हतं.

माणदेशी

पाणीवाल्या दादांनी दोघांचीही बोलती बंद केली. टँकरच्या दिवसांत आमच्या माणमध्ये हाच माणूस गाव चालवतो. तरी एक सांगतो, खालच्याकडं बोट दाखवून मधल्यांनी गप्प बसावं हेही सरकारच्याच सोयीचं. क्लार्कला दोन स्तर वाढले म्हणून पाणीवाल्याचं कमी होत नाही. दोन्हीची फाईल वेगळी, बजेटमधलं लेखाशीर्ष वेगळं.

लेखाशीर्ष

माझं नाव उगाच घेतलंत, पण बरोबर आहे. ग्रामपंचायत कर्मचारी किमान वेतनाखाली, जिल्हा परिषद कर्मचारी वेतन आयोगाखाली. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत १९६१ चा कायदा झाला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. पण ग्रामपंचायतीचा नोकर हा ग्रामपंचायतीचाच राहिला. त्याला वेतनश्रेणी हवी असेल तर आधी त्याचा मालक कोण हे ठरवावं लागेल. ते एस-८ पेक्षा फार अवघड प्रकरण आहे.

पाटण खोरे

टिपणीकार, एक विचारतो. काका म्हणाले तसा कर्तव्यसूचीचा कागद करणार असाल तर मी ग्रामसेवकाचा करून देतो, तुम्ही क्लार्कचा करा, मॅडम सेविकेचा करतील. तिन्ही एकत्र जोडून देऊ, सही माझी पहिली. पण "ग्रामसेवकापेक्षा हलकं नाही" ही ओळ काढा. उद्या तीच कात्रण करून आमच्याविरुद्ध वापरतील.

टिपणीकार

कागदाला तयार आहे. पाणीपुरवठ्याचं कामही त्यात घालू, दादांनी सांगावं, मी उतरवून घेतो. पण ओळ राहणार. तुलनाच केली नाही तर आम्ही एस-८ कशाच्या आधारावर मागायचा?

पाटण खोरे

कामाच्या आधारावर. पहिल्या पोस्टमध्ये तुम्हीच तर म्हणत होता.

टिपणीकार

कामाचं माप अजून निघायचंय भाऊसाहेब. ते निघेपर्यंत सुनावणीत समोरचा अवर सचिव पहिला प्रश्न हाच विचारणार, "समकक्ष पद कोणतं?" तिथं मी काय सांगू?

पाटण खोरे

तलाठी सांगा. ते इथं वाचत नसतील.

ग्राम महसूल अधिकारी

वाचतोय.