मदत हवी आहे : सहा बाय दोनच्या फळीवर भिवापूर, आणि फाटकावर थांबलेल्या जुन्या गाड्या

इतवारीकर

नमस्कार मंडळी. राहणार नागपूर, महाल.

इतवारी-नागभीड छोटी लाइन २०१९ च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजसाठी बंद झाली, तेव्हापासून तिचं एखादं स्टेशन घरात मॉडेल रेल्वे म्हणून बांधायचं डोक्यात आहे. १९०८ पासून अडीच फुटी रुळांवर धावलेली गाडी. आत्याकडे भिवापूरला जायचं तर आम्ही तीच धरायचो. एसटी आधी पोचायची, तरीही.

अख्खी लाइन नको, इतवारीचं यार्डही नको. भिवापूरसारखं एक स्टेशन, एक लूप (दोन्ही टोकांना मुख्य रुळाला जोडलेला बाजूचा रूळ), मालधक्क्याची एक साइडिंग (एका टोकाला संपणारा फाटा) आणि प्लॅटफॉर्म संपला की रस्त्याचं फाटक. फाटक मला हवंच आहे, कारण खरं सांगू का, आगगाडीइतकंच मला जुन्या मोटारींचं वेड आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातली लाल एसटी, लांब नाकाचा टाटा-मर्सिडीज ट्रक, पांढरी ॲम्बेसेडर, फियाट, झालंच तर एखादी विलीज जीप. लेआउटवर, म्हणजे मांडलेल्या मॉडेलवर, या गाड्या नुसत्या रस्त्यात मांडल्या की दुकानाचं शोकेस होतं. फाटक पडलेलं दाखवलं की त्या तिथे का उभ्या आहेत हे कुणाला सांगावं लागत नाही. ड्रायव्हर खाली उतरून विडी ओढतोय, क्लीनर टायरला लाथ मारून हवा बघतोय, एवढं सगळं आपोआप येतं.

आता अडचणी. जागा म्हणजे वरच्या मजल्यावरची मागची खोली, थेट स्लॅबखाली. भिंतीलगत सहा फूट बाय दोन फुटांची फळी बसते, त्याहून इंचभर जास्त नाही. बायकोने हद्द आखून दिली आहे.

मोजमापाचं गणित असं मांडलंय. एचओ हे मॉडेलचं एक ठरलेलं प्रमाण, म्हणजे १:८७, रुळांची रुंदी १६.५ मिलिमीटर. त्याची लहानात लहान वळणं साधारण ३६ सेंटिमीटर त्रिज्येची, म्हणजे गोल पुरा करायला ७२ सेंटिमीटर हवेत. दोन फुटांत ते बसत नाही. एन स्केल म्हणजे १:१६०, रूळ ९ मिलिमीटर. बसतं, पण मोटारी हरभऱ्याएवढ्या होतात आणि मग मजाच गेली. मग लक्षात आलं की आपली छोटी लाइन ७६२ मिलिमीटरची. भागिले ८७ केलं तर ८.७६. म्हणजे एन स्केलचे ९ मिलिमीटरचे रूळ घ्यायचे आणि त्यावर डबे, माणसं, मोटारी सगळं १:८७ चं ठेवायचं. युरोपात यालाच एचओई म्हणतात असं वाचलं. यात ९ इंच त्रिज्येची वळणं मिळतात, गोल दीड फुटात पुरा होतो. हे बरोबर आहे ना? की पुढे कुठे अडकेन?

दुसरं, जुनं घेतलेलं एक चारचाकी डिझेल इंजिन, थोडे रूळ आणि एक सांधा (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा तुकडा) माझ्याकडे आहे. सरळ रुळावर इंजिन झकास पळतं. सांध्यावर मधोमध आलं की ठप्प. बोटाने ढकललं की पुन्हा चालू. चाकं पुसली, रूळ पुसले, तेच. साधा १२ व्होल्टचा डीसी कंट्रोलर आहे, डीसीसी (रुळांतून डिजिटल हुकूम पाठवायची पद्धत) वगैरे नाही.

तिसरं, आपला उन्हाळा. ४५ च्या वर पारा, खिडकीत कूलर, आणि जूनमध्ये पाऊस पडला की तीच खोली दमट. प्लायवुड आणि रूळ हे सोसतील का? रूळ वाकडे होतात असं ऐकून आहे.

चौथं, १:८७ च्या भारतीय मोटारी कुठे मिळतात? दुकानात दिसणाऱ्या मागे ओढून सोडायच्या ॲम्बेसेडर फारच मोठ्या आहेत.

आणि एक किरकोळ. भिवापूर म्हटलं की मिरची आलीच. मालधक्क्याजवळ पटांगणात मिरची वाळत घातलेली दाखवायची आहे. खरं तिखट पसरलं तर चालेल का?

सांधेवाला

इतवारीकर, गणित अगदी बरोबर. ब्रॉडगेजचं वेड असतं तर जास्त पंचाईत होती. आपली मोठी लाइन १६७६ मिलिमीटर, १:८७ ने १९.३ येते, आणि बाजारातले एचओ रूळ १६.५ चे. त्यामुळे आपली इंजिनं त्या रुळांवर उभी केली की धोतर घालून सायकलवर बसल्यासारखी दिसतात. छोट्या लाइनवाल्यांना हे दुखणं नाही.

इंजिनाचं आधी सांगतो. दोष इंजिनात नसणार. सांध्यात जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या टोकाला फ्रॉग म्हणतात. काही सांध्यांत तो प्लास्टिकचा असतो, म्हणजे तिथे वीजच नाही. लांब इंजिनाची मागची चाकं तोवर जिवंत रुळावर असतात, म्हणून ते पार होतं. तुमचं चारचाकी आखूड, त्यात एखादं चाक जरा अधांतरी असलं की संपलं. मल्टिमीटर घ्या. फ्रॉग प्लास्टिकचा असेल तर तो सांधा साइडिंगला टाका आणि मुख्य लाइनवर धातूच्या फ्रॉगचा आणा. धातूचा असेल तर त्याला वेगळी वायर काढून चेंजओव्हर स्विचमधून जोडा, म्हणजे सांधा ज्या बाजूला वळवाल त्या बाजूची वीज फ्रॉगला मिळेल. तसं केलंत की फ्रॉगच्या पुढच्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे जोड विसरू नका, नाहीतर शॉर्ट होईल. सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे असे स्विच सहज मिळतात.

आणखी एक. वीज फिशप्लेटच्या (दोन रूळ जोडणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) भरवशावर सोडू नका. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून वायर डागा. नागपूरच्या धुळीत फिशप्लेट एका मोसमात मंद पडते.

उन्हाळ्याचं. रूळ फार वाढत नाहीत. निकेल सिल्व्हरचा सहा फुटी रूळ २५ अंश तापला तर जेमतेम पाऊण मिलिमीटर वाढेल. एप्रिल-मेमध्ये घालत असाल तर जोड भिडवून टाका. डिसेंबर-जानेवारीत घालत असाल तर प्रत्येक जोडात व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवा. खोड काढतं ते लाकूड. कूलरची ओल, मग कोरडं ऊन, मग पाऊस. वरून रंग आणि खालून कोरं ठेवलं की फळी पापडासारखी वळणारच. लकडगंजमधून बारा एमएमचा चांगला प्लाय घ्या, खाली चौकट करा, आणि दोन्ही बाजू, कडा, वायरींची भोकं, सगळीकडे व्हार्निश किंवा ऑइलपेंटचे दोन हात द्या. कूलरचा झोत फळीवर सरळ येऊ देऊ नका.

गिट्टीबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. काळी चुरी (काळ्या दगडाचा चुरा) चहाच्या गाळणीने चाळून मस्त गिट्टी होते, पण ती पसरायच्या आधी कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यातून दोन-तीनदा फिरवा. आपल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतं. ते कण इंजिनाच्या मोटरीतल्या चुंबकाला चिकटले की मोटर गेली. मग ब्रशने गिट्टी बसवा, पाण्याचा फवारा मारा, आणि पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भांड्याच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब टाकून ड्रॉपरने सोडा. साबण नसेल तर पाणी गिट्टीवर मोत्यासारखं बसून राहतं.

लालडबा

भाऊ, फाटकाची आयडिया लय भारी. गाड्यांचं टेन्शन कायले घेता.

ट्रक आधी. टाटाने १९५४ मध्ये जमशेदपूरला मर्सिडीजचे ट्रक बनवायला सुरुवात केली. त्याच घराण्यातल्या नाकवाल्या मर्सिडीज एल ३११ चं १:८७ मॉडेल ब्रेकिना ही जर्मन कंपनी काढते. मागचा हौदा काढून लाकडी फळ्यांचा आपला हौदा चढवा, वर ताडपत्रीला टिश्यूपेपर. तोंडाला केशरी रंग, बंपरला लिंबू-मिरची. चार हात रंग दिला की जर्मनी आठवतसुद्धा नाही. विलीज जीप तर सोपी, मिनीटँक्स या लष्करी मॉडेलांच्या मालिकेत १:८७ ची येते. लष्करी खुणा खरवडायच्या.

ॲम्बेसेडर म्हणजे मुळात मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज तीन, फियाट म्हणजे फियाट ११०० डी. शोधताना ही मूळ नावं टाका. ब्रिटिश मॉडेलं बहुतेक १:७६ ची असतात. खरी ॲम्बेसेडर साधारण ४.३ मीटर लांब, म्हणजे १:८७ ला पाच सेंटिमीटरच्या जराशी आत, १:७६ ला पावणेसहाच्या आसपास. हा फरक एसटीशेजारी उभी केली की दिसतो, पण बघणाऱ्याच्या सर्वांत जवळ, फळीच्या पुढच्या कडेला ठेवली तर खपून जाते. जवळची वस्तू मोठी दिसणारच. हेच उलटं करून मागे दूरच्या रस्त्यावर एन स्केलची एखादी गाडी टाका, दोन फुटांची फळी खोल वाटते.

एसटी विकत मिळत नाही, ती बांधायचीच. आणि बांधायला तिच्याइतकं सोपं काही नाही, चौकोनी डबाच तो. मी एक एमएमच्या प्लास्टिक शीटची केली. खिडक्यांच्या पट्ट्या आधी एका लांब पट्टीवर आखून मग कापा, म्हणजे सगळ्या सारख्या येतात. टपावर कॅरियर आणि मागे शिडी विसरलात तर ती एसटी नव्हे, शाळेची बस. आपल्या हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये एसटीच्या बॉड्या बांधतात, तेच आपण टेबलावर करायचं. रंग मात्र नवा लाल देऊ नका. लालात किंचित तपकिरी मिसळा, आणि चाकांच्या वर वाळलेल्या चिखलाची फिकट धूळ कोरड्या ब्रशने. उमरेडकडची माती काळी असते, तेव्हा तांबडी धूळ लावाल तर कोकणातली एसटी वाटेल.

गच्चीवरची

मी आर्किटेक्ट, रेल्वेतलं कळत नाही, पण दोन गोष्टी सांगते. आमच्या मॉडेल सामानाच्या दुकानात १:१०० ची माणसं आणि झाडं पाकिटात मिळतात. १:८७ च्या लेआउटवर ती जरा बुटकी, पण फाटकापलीकडच्या गर्दीत बेमालूम मिसळतात. शिवाय स्वस्त. (सांधेवाला, १६७६ भागिले १०० करून पाहिलं तर १६.७६ आलं. म्हणजे ब्रॉडगेजवाल्यांनी १:१०० केलं तर एचओ रूळ जवळपास बरोबर बसतील की!)

मिरचीला तिखट अजिबात नको. किडे होतील, रंग उडेल, आणि कूलरने उडालेलं तिखट डोळ्यात गेलं की छंदही गेला. रांगोळी वापरा. लाल रांगोळीत गेरू मिसळून रंग मळकट करा, पातळ फेविकॉलच्या थरावर गाळणीतून भुरभुरा, आणि कडा वेड्यावाकड्या ठेवा. मधे एक पायवाट सोडा, कारण मिरची हलवायला माणूस आत जातोच. शेजारी गोणपाटाची पोती. ती कॉटनच्या जुन्या बनियनची छान होतात.

इतवारीकर

सगळ्यांचे आभार. सांधेवाला, मल्टिमीटर लावला, फ्रॉग प्लास्टिकचाच निघाला. सांधा साइडिंगला हलवतो. लालडबा, एसटीच्या खिडक्यांची युक्ती लगेच करतो.

आता एकच अडलंय. सहा फूट म्हणजे खऱ्यातले १६० मीटर. एवढ्यात स्टेशन, फाटक आणि गोल असं सगळं कोंबलं तर गाडी स्वतःचीच शेपूट धरतेय असं दिसेल. भाच्याला गाडी फिरत राहिलेली हवी, मला ती येऊन थांबलेली हवी. आणि डब्यांची मापं कुठून घेऊ?

सांधेवाला

दोघांचं जमतं. फळीच्या मागच्या सहा-सात इंचांवर उभा पडदा लावा, आकाश आणि सागाची रांग रंगवून. गोल पुरा करा, पण त्याचा मागचा भाग पडद्याआड जाऊ द्या. तिथे एक लपलेला लूप ठेवा, म्हणजे एक गाडी आत थांबते आणि दुसरी बाहेर येते. भाचा आला की फिरवा, एरवी नागभीडकडून गाडी येईल, फाटक पडेल, थांबेल, इतवारीकडे जाईल. फाटक वळणाच्या तोंडाशी घ्या. तिथे गाडी पडद्याआड शिरताना सगळ्यांची नजर लालडबांच्या ट्रकवर राहील. मात्र पडद्यामागे हात पोचला पाहिजे. गाडी घसरते ती नेमकी तिथेच.

मापांसाठी मोतीबागेत जा. तिथलं नॅरोगेज म्युझियम २००२ पासून आहे, अडीच फुटी गाड्या समोर उभ्या आहेत. तिथल्या माणसाला विचारून टेप लावा. डब्याची लांबी, रुंदी, छताची उंची आणि बोगीच्या दोन चाकांमधलं अंतर, एवढं घेतलंत की पुरे. बोगीचं माप हातात असल्याशिवाय एन स्केलची चासी (चाकं आणि मोटर असलेला खालचा सांगाडा) विकत घेऊ नका. आपल्या लाइनवर शेवटी झेडडीएम-४ए डिझेल होती, तिच्यासाठी दोन बोग्यांची चासी शोधा. आठ चाकांनी वीज घेतली की सांध्यावर अडायचा प्रश्नही बराच कमी होतो. वरची बॉडी रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून घेता येईल.

लालडबा

मोतीबागेत जाल तेव्हा सांगा, मीही येतो. मला डब्यांच्या पायऱ्यांचे फोटो पाहिजेत. आणि इतवारीकर, फाटक हाताने फिरवायचं की मोटरवर? मोटरवर असेल तर सर्वो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) घ्या आणि वेग एकदम कमी ठेवा. फाटक धाडकन पडलं तर एसटीच्या ड्रायव्हरला विडी पेटवायला वेळ कुठून मिळणार?