मदत हवी आहे: सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) लाल पेशी वाढल्या, पुढे कोणती तपासणी?

तापीकाठ: वडील, वय 58, यावल तालुका. मे महिन्यात दिवसभर केळीच्या बागेत असतात. हिमोग्लोबिन 17.8, लाल पेशी 6.1, हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा टक्का) 53, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) 87. पांढऱ्या पेशी 8,200, प्लेटलेट 2.6 लाख. रोज बिडीचं एक बंडल. शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिन 10. रक्त उपाशीपोटी दिलं, सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. गावात म्हणतात, रक्त घट्ट झालंय, रक्तदान करून टाका. काय करावं?

सातपुडा_लॅब: भाऊ, रक्तदान आत्ता नको. कारण कळायच्या आत रक्त काढलं तर आकडे खाली येतात, लोह कमी होतं आणि मूळ दुखणं झाकलं जातं. पुरुषांत हिमोग्लोबिन 16.5 किंवा हिमॅटोक्रिट 49 च्या वर गेलं तर शोध घ्यावाच लागतो. तुमच्याकडे दोन्ही वर आहेत.

आधी पाण्याचा हिशोब. आपल्याकडच्या उन्हात घामाने रक्तातला पातळ भाग घटतो. पेशी तेवढ्याच राहतात, पण दाट दिसतात. सीबीसीला उपाशी राहायची गरजच नसते. आठ-दहा दिवस नीट पाणी पिऊन, जेवूनखाऊन पुन्हा करा. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला तरी आकडा फुगतो, हे रक्त घेणाऱ्याला सांगा.

पण 53 फक्त पाण्याने झालं असेल असं मला वाटत नाही. बिडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटून बसतो, ऑक्सिजन कमी पोहोचतो, म्हणून हाडांतली मज्जा जास्त पेशी बनवते. यात एक फसवणूक आहे: बोटावरचा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडलाही ऑक्सिजन समजतो. त्यामुळे 97 दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. डापाग्लिफ्लोझिननेही हिमॅटोक्रिट दोन-तीन अंकांनी चढतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना नाव सांगा.

वरणगावकर: वडील जोरात घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, तेही पाहा. फुप्फुसाचा जुना आजार, मूत्रपिंडातली गाठ, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं हीही कारणं आहेत. पोटाची सोनोग्राफी करून घ्या, प्लीहाही (पोटातला, रक्त गाळणारा अवयव) त्यात दिसते.

दुसऱ्या सीबीसीतही वाढ राहिली तर एरिथ्रोपोएटिनची (लाल पेशी बनवायला लावणारं संप्रेरक) पातळी आणि जॅक2 हा जीन तपासा. पॉलिसायथेमिया व्हेरा (मज्जेचा आजार, ज्यात लाल पेशी बेसुमार बनतात) असलेल्या शंभरातल्या सुमारे 95 जणांत जॅक2चा बदल सापडतो आणि एरिथ्रोपोएटिन बहुधा कमी असतं. अंघोळीनंतर अंगाला खाज, तळपायाची आग हे विचारा. तो आजार निघालाच तर रक्त काढून हिमॅटोक्रिट 45 च्या खाली ठेवतात, सोबत बहुधा कमी डोसची ॲस्पिरिन. तीही स्वतःहून नको.

तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, छातीत दुखणं, एकच पाय सुजणं, अचानक दिसेनासं होणं: यातलं काहीही झालं तर तपासण्यांची वाट न पाहता दवाखाना गाठा.

नंदुरबार_ताई: माझ्या वहिनीच्याही लाल पेशी जास्त, 5.9. पण हिमोग्लोबिन 10.8, एमसीव्ही 62. तिलाही हेच का?

सातपुडा_लॅब: नाही ताई, हे वेगळं. पेशी जास्त पण बारीक आहेत. 62 भागिले 5.9 म्हणजे 10.5. हा भागाकार 13 च्या खाली आला की थॅलेसेमिया मायनरचा (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष) संशय घ्यायचा. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि हिमोग्लोबिनची एचपीएलसी (त्याचे प्रकार वेगळे मोजणारी तपासणी) करा, त्यातला एचबीए2 हा प्रकार 3.5 टक्क्यांच्या वर येतं का बघा. सिकलसेलही त्याच तपासणीत कळतो, आणि तुमच्या भागात तो बघायलाच हवा. फेरिटिन कमी नसेल तर लोहाच्या गोळ्या चालू ठेवू नका. मूल हवं असेल तर नवऱ्याचीही एचपीएलसी आधी.