ऱ्याकुनिन: अडीच महिन्यांचे युगनाम

मोडीवाचक:
काल येथे ‘दर्यावर्दी’ यांनी लिहिले की, १२३८ चे ‘ऱ्याकुनिन’ हे युगनाम (वर्षे मोजण्यासाठी जपानी दरबार काळाला देत असे ते नाव) अडीच महिन्यांत बदलले, यावरून राजधानी क्योतोचे दरबारी सरदार रिकामटेकडे आणि अंधश्रद्ध होते हे दिसते. हे मला मुळीच पटत नाही. विद्वान चिनी ग्रंथांतून नावे सुचवीत, दरबारी प्रत्येक नावावर आक्षेप घेत आणि दुसरे त्याचे खंडन करीत. एवढी छाननी होऊनही या नावाच्या उच्चारातून ‘माणसे नाहीशी होणे’ असा अर्थ निघतो, अशी कुजबुज लोकांत सुरू झाली, आणि ‘एन-ओ’ हे नवे नाव आले. प्रजेच्या भीतीची दखल घेणाऱ्याला रिकामटेकडे कसे म्हणावे?

दर्यावर्दी:
दखल घेतली कोणी? शिजो सम्राट जेमतेम सात वर्षांचा होता आणि दरबार त्याचे आजोबा कुजो मिचिइए चालवीत होते. कामाकुराच्या लष्करी सत्तेशी १२२१ मध्ये झालेल्या युद्धात दरबार हरल्यावर तीन निवृत्त सम्राट दूर धाडले गेले होते. खरी सत्ता कामाकुराच्या होजो या सामुराई घराण्याकडे होती. दरबाराच्या हाती नावे बदलणेच उरले होते.

मोडीवाचक:
मग होजो यासुतोकीने १२३२ मध्ये केलेला कायदा ‘जोएइ’ या दरबारी युगनामानेच का ओळखला जातो? काळाला नाव देण्याचा अधिकार कामाकुरानेही मानला होता.

अधिकमास:
आधी तारखा नीट लिहा. हे युग ३० डिसेंबर १२३८ ला सुरू होऊन १३ मार्च १२३९ ला संपले, म्हणजे ते जवळजवळ सगळे १२३९ मध्येच येते; तरी जो तो १२३८ लिहितो. जपानात नोकरीला असताना एका अर्जावर मी जन्मवर्ष शोवा (विसाव्या शतकातले युगनाम) ६० ऐवजी ५९ लिहिले, आणि खिडकीवरच्या बाईंनी त्या आकड्यावर पेन्सिलीने बारीक गोल करून अर्ज परत दिला. त्या दिवसाची रजा वाया गेली. एका वर्षाची चूक क्षुल्लक नसते.

दर्यावर्दी:
आपल्या अर्जाचा येथे काय संबंध?

अधिकमास:
संबंध आहे! त्या तिघांपैकी निवृत्त सम्राट गो-तोबा ओकी बेटावर वारले ते नाव बदलल्यानंतर पंधराव्या दिवशी. नुसती वर्षे लिहिलीत तर ते ऱ्याकुनिनमध्ये वारले असेच वाचकाला वाटेल.

दर्यावर्दी:
तारखांचे मान्य. कायद्याचा मुद्दाही नाइलाजाने मान्य करतो. परंतु १२४२ मध्ये शिजो निपुत्रिक वारला, तेव्हा कामाकुराचा कौल येईपर्यंत सिंहासन ११ दिवस रिकामे होते, आणि दरबाराला हवा असलेला राजपुत्र बाजूला सारून गो-सागा या दुसऱ्या राजपुत्राला बसवले गेले. याचे उत्तर द्या.