मदत हवी आहे: वडील वय 79, अटॅकनंतर एक स्टेंट टाकला, उरलेल्या दोन ब्लॉकेजचं काय करावं?

नमस्कार मंडळी, थोडं लांबलंय पण वाचा प्लीज.

आमचे नाना निफाड तालुक्यात राहतात, परवापरवापर्यंत रोज द्राक्षबागेत चक्कर मारणारा माणूस. शुगर आहे 15 वर्षांपासून. मागच्या मंगळवारी पहाटे दरदरून घाम फुटला आणि दम लागला, छातीत दुखणं अजिबात नाही, नुसतं पोटात वरच्या बाजूला कसंतरी होतंय म्हणाले. आईला वाटलं पित्त असेल, मग ओवा दिला, इनो दिला, त्यात दोन-अडीच तास गेले. (नंतर कळलं की म्हाताऱ्या आणि शुगरवाल्या माणसांत अटॅक असाही येतो, कळ न येता. हे डोक्यातून जात नाहीये.) निफाडला ईसीजी काढला, अ‍ॅस्पिरिन चावायला दिली आणि नाशिकपर्यंत थांबण्यात अर्थ नाही म्हणून गुठळी विरघळवायचं टेनेक्टेप्लेज इंजेक्शन तिथेच दिलं, तेही अर्धा डोस, कारण पंचाहत्तरीपुढे पूर्ण डोसने मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती जास्त. त्या डॉक्टरांचे उपकारच, कारण पुढे द्वारका सर्कलला अँब्युलन्स जी अडकली ती अडकलीच.

दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी करून मेन नसेत स्टेंट टाकला. अजून दोन नसांत 70-80 टक्के आहे. ईएफ (हृदयाची पंपिंगची ताकद) 35, किडनीचं क्रिएटिनिन 1.3 चं 1.9 झालंय. डॉक्टर म्हणतात तेही करून घ्या. भाऊ म्हणतो बास झालं, या वयात किती टोचायचं, गोळ्यांवर राहू द्या. नानांना विचारलं तर म्हणाले, छाटणीच्या आत घरी सोडा म्हणजे झालं.

या वयात उरलेल्या नसा उघडून खरंच फायदा होतो का? कोणाचा अनुभव?

प्रतिसाद 1:
ताई, मी डॉक्टर आहे पण पेशंट पाहिलेला नाही हे धरून वाचा. तुमच्या भावाचा प्रश्न चुकीचा नाही, पूर्वी आम्हीही तसंच म्हणायचो. पण 2023 मध्ये फायर नावाची ट्रायल आली, 75 च्या पुढचे 1445 अटॅकचे पेशंट, इटली, स्पेन, पोलंडमधले. निम्म्यांची फक्त अटॅकवाली नस उघडली आणि निम्म्यांच्या बाकीच्या नसा मोजून, जिथे रक्तप्रवाह खरंच कमी होता तिथेच स्टेंट टाकले. वर्षभरात मृत्यू, पुन्हा अटॅक, स्ट्रोक किंवा पुन्हा नस उघडावी लागणं, हे सगळं धरून पहिल्या गटात 21 टक्के, दुसऱ्यात 15.7. यातला 'मोजून' हा शब्द महत्त्वाचा. डोळ्यांनी 70 टक्के दिसलं म्हणून स्टेंट नाही, आधी प्रेशर वायरने (नसेतला दाब मोजणारी बारीक तार) किंवा अँजिओच्या फोटोवरून कॉम्प्युटरने मोजता येतं का विचारा.

किडनीकडे बघता घाई मात्र करू नका, अँजिओच्या डायमुळेच (नसा दिसाव्यात म्हणून टोचतात ते औषध) क्रिएटिनिन चढलं असेल तर बऱ्याचदा काही दिवसांत उतरतं. कम्प्लीट नावाच्या ट्रायलमध्ये दुसरी प्रोसिजर 45 दिवसांपर्यंत केली तरी फायदा टिकला होता, त्यामुळे आजच्या आज करा असं कोणी म्हणत असेल तर कारण विचारा. आणि ईएफ 35 बघून घाबरू नका, अटॅकनंतर हृदयाचा स्नायू काही आठवडे सुन्न असतो, सहा आठवड्यांनी परत इको करा.

प्रतिसाद 2:
आमच्या आत्याचं 82 व्या वर्षी झालं, हाताच्या नसेतून, तिसऱ्या दिवशी घरी. रक्त पातळ करायच्या गोळ्या कोणी काहीही सांगितलं तरी मनाने बंद करू नका, दात काढायला गेलात तरी आधी हार्टवाल्यांना विचारा. आणि महात्मा फुले योजनेत हॉस्पिटल आहे का बघा, रेशनकार्ड जवळ ठेवा.

धागाकर्ती:
खूप आभार दोघांचे. आज क्रिएटिनिन 1.6 आलं. डॉक्टरांना मोजण्याबद्दल विचारलं, होतं म्हणाले, तीन आठवड्यांनी करू. भावाला प्रतिसाद वाचायला दिला, त्याने फक्त "नस मोजतात कशी?" एवढंच विचारलं, म्हणजे निम्मा तयार झालाय. आता नानांना छाटणीचं कोण सांगणार ते बघतेय.