आधी कोगनोळी, मग दुबई

शहापूरकर
काल आपल्या बेळगावकरांच्या इथल्या गप्पांत एका मास्तरांनी लिहिलं, "कोविडात परदेशवाऱ्या अडकल्या त्यांचं रडगाणं आता पुरे. नियम सरकारी वेबसाइटवर होते. वाचायचा कंटाळा असणाऱ्यांनी घरात बसायचं होतं." रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तरच लिहितो.

धाकटा भाऊ दुबईत एसी मेकॅनिक. एप्रिल २०२१ मध्ये पोरीच्या बारशाला आला. २४ तारखेच्या रात्री यूएईने भारतातून येणाऱ्यांना दार लावलं. आधी दहा दिवस म्हणाले, मग वाढवत वाढवत ऑगस्ट उजाडला. ५ ऑगस्टला उघडलं ते आधी तिथेच दोन्ही डोस घेतलेल्या रहिवाशांना. मग दुबईचा व्हिसा असला तर तिथल्या इमिग्रेशन खात्याची, जीडीआरएफएची परवानगी, बाकी अमिरातींचा असला तर केंद्रीय खात्याची, आयसीएची. ४८ तासांच्या आतली आरटीपीसीआर, रिपोर्टवर क्यूआर कोड, वर विमानतळावर पुन्हा रॅपिड पीसीआर. इथल्या एका लॅबने रिपोर्ट दिला, त्यावर क्यूआर कोडच नाही. विचारलं तर म्हणतो, "कोगनोळीला चालतंय की हे." कोगनोळी म्हणजे महाराष्ट्रातून आपल्या राज्यात शिरतानाचा तपासणी नाका.

पुन्हा टेस्ट, पुन्हा पैसे. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून परदेशी विमान कुठलं, गाडी करून मुंबई. ४८ तासांतले दहा रस्त्यातच गेले. भाऊ बसला एकदाचा विमानात. आम्ही परत निघालो तर कोगनोळी नाक्यावर अडवलं. ७२ तासांच्या आतला रिपोर्ट दाखवा. माझे दोन्ही डोस झालेले. "डोस चालत नाही, महाराष्ट्रातून आलाय." भाऊ दुबईत पोचून फोन करालाय आणि आम्ही अजून निपाणीच्या अलीकडे!

वेबसाइट वाचली होती, मास्तर. रोज वाचत होतो. सकाळचं संध्याकाळी बदलायचं.

रिटायर्ड मास्तर
ते लिहिणारा मीच. बदलत नाही शब्द. देशातला पहिला कोविड मृत्यू कुठला? आपल्याच राज्यात, कर्नाटकात, कलबुर्गीत, मार्च २०२०. ७६ वर्षांचे गृहस्थ, सौदीहून परतलेले. त्याच महिन्यात आमच्या गल्लीत एकजण हातावर होम क्वारंटाईनचा शिक्का घेऊन लग्नाच्या पंगतीत जेवून गेला. शिक्क्यावर रुमाल बांधला होता. तुमचा भाऊ चार महिने अडकला, माझा थोरला भाऊ मे २०२१ मध्ये ऑक्सिजनचा बेड मिळेपर्यंत गेला. मला क्यूआर कोडचं सांगू नका.

शहापूरकर
वाईट वाटलं, मास्तर. खरं एसी दुरुस्त करणाऱ्याने तुमचा भाऊ नेला नाही.

खानापूरचा
मास्तरांना एक विचारतो. आमच्या पोराने कोवॅक्सिन घेतली, कारण त्या दिवशी आरोग्य केंद्रात तीच होती. रांगेत उभा राहून "ही नको, ती द्या" म्हणायची सोय होती काय? सौदीच्या मान्य लसींच्या यादीत कोवॅक्सिन नव्हती. शिवाय भारतातून थेट जायचं नाही, तिसऱ्या देशात १४ दिवस काढून मगच. आधी नेपाळ म्हणाले, ती वाट बंद झाली. मग एजंट म्हणाला मालदीव. लोकं मालदीवला हनिमूनला जातात, आमच्यातला एकजण कर्ज काढून गेला आणि खोलीत पार्ले-जी खाऊन राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने कोवॅक्सिनला मान्यता दिली ३ नोव्हेंबर २०२१ ला. तोपर्यंत पोराचा व्हिसा संपला. आता लोंढ्याला दुकान घातलंय.

टिळकवाडीची सून
कोविशील्डवाल्यांचंही काही सुखाचं नव्हतं, दादा. माझी नणंद शिकायला ब्रिटनला निघालेली. आधी भारत त्यांच्या रेड लिस्टमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक नियमांच्या यादीत, हॉटेल क्वारंटाईन साडेसतराशे पौंड. ८ ऑगस्टला त्याहून सौम्य ॲम्बर यादीत आलो तेव्हा सासूबाईंनी देवाला पेढे ठेवले. खरं तिचे दोन्ही डोस झालेले असून लस न घेतलेल्यांत मोजलं, घरात दहा दिवस कोंडून राहा. लस त्यांच्याच ऑक्सफर्डची, पुण्यात भरली म्हणून बाटली! आपल्या सरकारने ४ ऑक्टोबरपासून इंग्रजांनाही दहा दिवस बसवलं, तेव्हा कुठे ११ ऑक्टोबरपासून त्यांनी आपलं सर्टिफिकेट मानलं.

त्यात भर म्हणजे पासपोर्टवर जन्मस्थळ बेळगाम, आधारवर बेळगावी. एजंटने ॲफिडेव्हिट करायला लावलं.

सीमावासी
ताई, हाच मुद्दा! १ नोव्हेंबर २०१४ ला आमच्या गावाचं नाव आम्हाला न विचारता बदललं. तोच दिवस, ज्या दिवशी बेळगाव महाराष्ट्राबाहेर ठेवलं म्हणून आपण मराठी माणसं काळा दिन पाळतो. आता लंडनच्या साहेबाला एकच गाव दोन वाटणार नाही तर काय?

वडगाव अण्णा
साहेबाला काही वाटत नाही हो. ॲफिडेव्हिट एजंटच्या कमिशनसाठी असतंय. प्रत्येक गोष्टीत सीमाप्रश्न घुसवू नका.

सीमावासी
घुसवतोय? कोगनोळीला नाक्यावर चिकटवलेलं परिपत्रक फक्त कन्नडात. रिपोर्ट ७२ तासांचा नमुना दिल्यापासून की रिपोर्ट आल्यापासून, आमच्या म्हाताऱ्याने कुठं वाचायचं?

वडगाव अण्णा
पन्नास वर्षं इथे राहून ७२ आकडा वाचता येत नाही? माझी आई मराठी, बापू कन्नड. दोन्हीकडचं ऐकून घेतो, खरं कोरोनाला कुठली भाषा येत नव्हती.

सीमावासी
तुम्हाला नाक्यावर कन्नडात बोलून सोडलं असणार. आम्ही बोललो की "रिपोर्ट तोरिसी", म्हणजे दाखवा.

वडगाव अण्णा
मलाही दोन तास उन्हात उभं केलंय. तुमचं दुखणं वेगळं आहे, त्याला कोविडचं निमित्त.

सीमावासी
सीमाप्रश्नाचं दुखणं २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, अण्णा.

खानापूरचा
झालं. मालदीव बुडाला, बेळगाव वर आलं.

चंदगडी
तुमचं दुबई, लंडन चालू दे. आम्ही शिनोळीचे, सीमेच्या महाराष्ट्राकडच्या बाजूचे. आमचा बाजार, दवाखाना, पोरांचं कॉलेज सगळं बेळगावात. आईला किडनीचा त्रास, आठवड्याला दोनदा डायलिसिस. कर्नाटकाच्या बाची नाक्यावर प्रत्येक वेळी नवा पोलीस, प्रत्येक वेळी फाईल उघडून दाखवायची. ७२ तासांचा रिपोर्ट आठवड्याला दोनदा काढायचा म्हणजे काय हिशेब करा. शेवटी एका हवालदाराला आई तोंडपाठ झाली, तो असला की लांबूनच हात करायचा. तो रजेवर गेला की आमचं विमान रद्द.

रिटायर्ड मास्तर
चंदगडी, हे मला माहीत नव्हतं. डायलिसिसवाल्यांना पास द्यायला हवा होता, एवढं मान्य. सौदीच्या यादीचं खापर मात्र मी आपल्या नाक्यावर फोडणार नाही. आणि शहापूरकर, "सकाळचं संध्याकाळी बदलायचं" तेही खरं. विषाणूही बदलत होता म्हणा.

शहापूरकर
मास्तर अर्धं मान्य करालेत. कुंदा वाटतो आज.

टिळकवाडीची सून
एक विचारायचं राहिलंच. नणंद पुढच्या महिन्यात येतेय. कोविडात परदेशातून येताना लागायचा तो एअर सुविधाचा फॉर्म अजून भरायचा असतो काय?

खानापूरचा
नाही ताई, नोव्हेंबर २०२२ मध्येच बंद झाला. नुसतं यायचं.

सीमावासी
आणि पत्ता लिहिताना बेळगाव लिहायला सांगा.

वडगाव अण्णा
अरे देवा.