प्रश्नमंजुषा : महाराष्ट्रात जिल्हे किती?

प्रेषक : सांस्कृतिक समिती

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यातल्या संमेलनात ‘आठवणीतला महाराष्ट्र’ हा सामान्यज्ञानाचा खेळ ठेवला आहे. साठ प्रश्न तयार आहेत. नमुन्यादाखल काही देते, चूक दिसली तर गुरुवारपर्यंत कळवा.

महाराष्ट्रात जिल्हे किती? – ३६. राज्यप्राणी कोणता? – शेकरू. पहिली आगगाडी? – बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३. पहिली एसटी? – पुणे ते अहमदनगर, १ जून १९४८. पुण्याचा एसटीडी कोड? – ०२०. भारताची किनारपट्टी किती लांब? – ७,५१६ कि.मी.

– समितीतर्फे, सचिव

---

प्रेषक : एक जुना सभासद

ताई, प्रश्न छान निघालेत. पण पहिल्याच प्रश्नाशी मी अडलो, कारण मागच्या वर्षी याच प्रश्नाने आमच्या टेबलावरची एक स्पर्धक आपण गमावली.

ऐंशी ओलांडलेल्या एक आजी माझ्या शेजारी बसल्या होत्या. प्रश्न पुरता वाचून व्हायच्या आत त्यांनी हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “सव्वीस!” सूत्रसंचालकाने “चूक” म्हटलं, गुण पलीकडच्या टेबलाला दिले आणि तो पुढच्या प्रश्नाकडे वळला. आजींनी हात खाली घेतला, पदर सारखा केला, आणि मग तासभर एकही उत्तर दिलं नाही. पुढची चार-पाच उत्तरं त्यांना येत होती. ओठ हलताना मी पाहत होतो, आवाज मात्र फुटला नाही.

आजी चुकल्या नव्हत्या. १ मे १९६० ला राज्य झालं तेव्हा जिल्हे सव्वीसच होते. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. रायगड जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, तेही अलिबागसमोरच्या समुद्रातल्या किल्ल्यावरून. मुंबईतल्या कुलाब्यावरून नव्हे. १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादेतून जालना निघाला. १९८२ मध्ये उस्मानाबादेतून लातूर आणि चंद्रपुरातून गडचिरोली. झाले तीस. आमच्या घरी भिंतीवर त्याआधीचा नकाशा होता. वडिलांनी रत्नागिरीच्या खालच्या टोकाला निळ्या शाईने आडवी रेघ मारून बारीक अक्षरात ‘सिंधुदुर्ग’ लिहिलं होतं. नवा नकाशा आला नाही, ती रेघच आम्ही पाठ केली.

पुढे १९९० मध्ये मुंबई उपनगर वेगळा झाला, एकतीस. १९९८ मध्ये वाशिम आणि नंदुरबार, तेहतीस. १९९९ मध्ये हिंगोली आणि गोंदिया, पस्तीस. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ठाण्यातून पालघर निघाला, तेव्हा छत्तीस. म्हणजे माणूस कोणता आकडा सांगतो त्यावरून तो चौथीत कधी होता ते कळतं. मला हे फार मोलाचं वाटतं. आपण सगळे आपापल्या साली घर सोडून आलो, आणि त्या सालचा महाराष्ट्र प्रत्येकाच्या डोक्यात तसाच राहिला आहे. खेळ आठवणींचा असेल तर त्या आठवणीला चूक कसं म्हणायचं?

माझं मागणं एवढंच की प्रश्नात साल घाला. ‘१९६० साली जिल्हे किती?’ असं विचारलं तर उत्तर एकच. आणि जमलं तर आणखी एक करा. दारातच प्रत्येकाला ‘जिल्हे किती?’ विचारा आणि आकड्यावरून टेबलं लावा, मात्र प्रत्येक टेबलावर एक सव्वीसवाला, एक तीसवाला, एक पस्तीसवाला आणि एक छत्तीसवाला येईल असं बघा. संघ आपोआप मिसळतील.

बाकी प्रश्नांतही हीच गाठ आहे. पुण्याचा कोड आधी ०२१२ होता. ट्रंक कॉलला कंटाळून ज्यांनी तो फिरवला ते ०२० म्हणणार नाहीत. व्हीटीचं १९९६ मध्ये सीएसटी झालं आणि २०१७ मध्ये सीएसएमटी. किनारपट्टीचं उत्तर तर आता पार बदललंय. अलीकडे अधिक बारकाईच्या नकाशांवरून फेरमोजणी झाली, खाड्यांची वळणं नीट धरली गेली आणि भारताचा किनारा ११,०९८ कि.मी. भरला. समुद्र तोच, पट्टी बारीक झाली. हा प्रश्न ‘शाळेत किती शिकलात?’ असा विचारा.

---

प्रेषक : एक सभासद

काकांचं पटलं. मी एक फेरी सुचवते, तिला कागद लागत नाही.

माझ्याकडे सासूबाईंच्या डब्यातली नाणी आहेत. कापडी पिशवीत घालायची, हात आत घालून, न बघता, नुसतं चाचपून नाणं ओळखायचं. सोपं वाटतं, पण परवा घरी करून पाहिलं तर आमची भंबेरी उडाली. अ‍ॅल्युमिनियमच्या नाण्यांत चौकोनी दोन : एक पैसा आणि पाच पैसे. नागमोडी कडांची दोन : दोन पैसे आणि दहा पैसे. षटकोनी दोन : तीन पैसे आणि वीस पैसे. आकार तोच, फरक फक्त लहान-मोठ्याचा. एकटं नाणं हातात आलं की बोटं अडखळतात, दोन्ही आली की लगेच कळतं. आमच्या ह्यांना पाच पैसे अचूक ओळखता आले. म्हणाले, हे मुठीत धरून दुकानापर्यंत पळालोय, कोपरे तळव्याला टोचायचे.

ज्येष्ठांसाठी भोकाचा पैसाही आहे, १९४३ पासूनचा. युद्धात धातू वाचवायला मधे भोक ठेवलं होतं. त्या वेळचा हिशोबही विचारता येईल : चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे रुपयाला चौसष्ट पैसे. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. १ एप्रिल १९५७ ला शंभर नव्या पैशांचा रुपया झाला आणि हे सगळं हळूहळू बोलण्यातून गेलं. म्हणींत तेवढं टिकलंय.

---

प्रेषक : दोन मुलांचा बाबा

पिशवीच्या फेरीला माझी मुलं नक्की बसतील. बाकी प्रश्नांत त्यांना पकडायला काही नाही, म्हणून एक सुचवतो. आनंदीबाई जोशींनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली, हे आपल्याला माहीत असतं. पुढच्याच वर्षी, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत, त्या गेल्या. त्यांच्या अस्थी कुठे आहेत? न्यूयॉर्क राज्यात पुकीप्सीला, त्यांना इथे अमेरिकेत आधार देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत. आम्ही गेल्या उन्हाळ्यात जाऊन आलो. धाकटीने दगडावरचं नाव बोट फिरवून वाचलं. तिला हा प्रश्न आला तर ती खुर्चीवर उभी राहील.

---

प्रेषक : सांस्कृतिक समिती

मंडळी, प्रश्न पुन्हा लिहून काढले. जिथे उत्तर बदलत गेलंय तिथे साल घातलं, किनारपट्टीचा काकांच्या शब्दांत घेतला. पिशवीची फेरी मध्यंतरानंतर, पुकीप्सी शेवटच्या दहांत. टेबलं आकड्याप्रमाणे लावू. दारात विचारायला दोघे हवेत, नावं कळवा.

काका, तुमची मेल वाचल्यावर मी त्या आजींना फोन केला. सव्वीसच्या सव्वीस जिल्हे त्यांनी म्हणून दाखवले, मधे श्वास घ्यायलाही थांबल्या नाहीत. चांदा म्हणाल्या, कुलाबा म्हणाल्या. मग मलाच प्रश्न घातला : “चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तर मसाल्याला जुने पैसे किती पडले?”

मी पंचाहत्तर म्हटलं. आजी म्हणाल्या, “चूक,” आणि खळखळून हसल्या.

पहिला प्रश्न त्याच विचारणार आहेत. माईक त्यांच्या टेबलावर ठेवू.